अण्णांच्या दूर्वा आणि कापूसचं ताट

प्रिय डॉक्टर,
आमच्याकडे दीड वर्षाचा पांढरा ससा आहे, कापूस. वजन दोन किलो. आणला मुलीच्या हट्टापायी, पण आता तो खरा माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा झालाय. सकाळच्या चहाबरोबर अण्णा त्याला दुधात कुस्करलेली चपाती भरवतात. दुपारी एक अख्खं गाजर, संध्याकाळी मूठभर भिजवलेले हरभरे. शिवाय दुकानातून आणलेलं रंगीत दाण्यांचं खाद्य वाटीत कायम भरलेलं असतं. टिमोथी गवताची महागडी पिशवी एकदा आणली होती, त्यानं नुसतं हुंगून सोडून दिलं. महिन्याभरापासून त्याच्या मागच्या बाजूला घाण चिकटते, रोज धुवावी लागते. गेल्या रविवारी दिवसभर काही खाल्लं नाही, कोपऱ्यात बसून होता. सोमवारी आपोआप बरा झाला. आणखी एक, लिहायला लाज वाटते: पहाटे तो वाकून स्वतःचीच लेंडी खातो. शेजारचे म्हणतात पोटात जंतू झालेत, मुलीचं उरलेलं अँटिबायोटिक पाजा. पाजू का? आणि अण्णांना न दुखावता हे खाणं कसं बदलू?
– कापूसची आई, नाशिक

ताई,

पाजू नका. बाकीचं पत्र चहा घेऊन सावकाश वाचा, पण ती बाटली आत्ताच कपाटात वर ठेवून या.

लहान मुलांच्या तापाखोकल्याचं जे उरलेलं सिरप घराघरांत असतं, त्यात बऱ्याचदा अमॉक्सिसिलिन असतं. माणसाच्या पोराला चालणारं हे औषध सशाच्या तोंडावाटे पोटात गेलं तर जीव घेऊ शकतं. ते सशाच्या आतड्यातले कामाचे जंतू मारतं, त्यांच्या जागी भलतेच माजतात आणि त्यांच्या विषानं ससा दोन-चार दिवसांत जातो. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती कोणती आणि किती द्यायची हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आता लाजेची गोष्ट. ताई, लाजू नका. कापूस पहाटे जे खातो ते खाणं त्याच्या तब्येतीला हवंच असतं. सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या असतात. दिवसभर पिंजऱ्यात पडतात त्या गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या. दुसऱ्या मऊ, काळपट, चकचकीत, द्राक्षाच्या बारक्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. या दुसऱ्या लेंड्या जमिनीवर पडूच नयेत अशी योजना आहे. ससा वाकून त्या थेट तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक भलीमोठी पिशवी असते. तिथं जंतू चोथा आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार होतात. ती अंगी लागायची तर माल परत एकदा पोटातून जायला हवा. गाय रवंथ करते तेव्हा आपण नाक मुरडत नाही, उलट किती शांत दिसते म्हणतो. सशाची ही त्याच जातीची सोय, फक्त वाट वेगळी.

म्हणजे तो त्या खातो याची चिंता नाही. चिंता आहे ती त्या खायच्या राहून जातात याची. मागच्या बाजूला चिकटणारी घाण म्हणजे बहुतेक याच मऊ लेंड्या. खाणं फार गोड, फार पिठूळ झालं की त्या पातळ होतात आणि गरजेपेक्षा जास्त होतात. शिवाय पोट भरलेल्या सशाला त्यांची भूक उरत नाही. वजन वाढलेलं असेल तर तोंड तिथवर पोचतही नाही. मग त्या केसांत लगदा होऊन बसतात. रोज अंघोळ घालू नका, ससा भिजला की घाबरतो आणि गारठतो. ओल्या फडक्यानं तेवढाच भाग पुसून कोरडा करा. पावसाळा असेल तर दिवसातून दोनदा शेपटी उचलून बघा. अशा घाणीवर माशी अंडी घालते, आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरलेले ससे मी टेबलावर घेतलेत. ते दृश्य तुमच्या मुलीनं बघू नये.

तर मूळ दुखणं ताटात आहे. कापूसच्या ताटात चपाती आहे, दूध आहे, हरभरे आहेत, गाजर आहे, रंगीत दाणे आहेत. गवत नाही. म्हणजे कोशिंबीर, लोणचं, पापड, श्रीखंड सगळं वाढलंय आणि वरणभातच राहून गेलाय.

सशानं दिवसभरात जे खायचं त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग गवताचा हवा, वाळलेल्या किंवा ताज्या. किती? त्याच्या स्वतःच्या अंगाएवढा ढीग रोज, आणि संपला तर आणखी. गवताला माप लावायचं नाही. कारणं दोन. पहिलं दात. सशाला २८ दात, आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवताची काडी दाढांखाली आडवी घासत चावावी लागते, त्यातच दाढा झिजतात. चपाती एका दाबात विरघळते, तिथं झिजणार काय? माझ्याकडे एकदा असाच पावावर वाढलेला ससा आला होता, हनुवटी सतत ओली. आत दिवा धरून पाहिलं तर खालच्या दाढेची कडा वाढून सुईसारखी झालेली, दर घासाला जिभेत रुतायची. घरचे म्हणत होते, नखरे फार करतो हो, मऊच लागतं त्याला.

दुसरं कारण आतडं. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि ते पुढे सरकवतो तो गवताचा जाड चोथा. चोथा कमी आणि पीठ जास्त झालं की आतडं मंदावतं, त्या पिशवीत वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. तुमचा रविवार तो हाच. सोमवारी तो बरा झाला हे त्याचं नशीब. पुन्हा असं झालं तर दिवसभर वाट बघू नका. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर रात्र असो की सणाचा दिवस, सशासाठी ती तातडीची वेळ असते. पाठ कमानीसारखी करून बसला, दात करकर वाजवायला लागला, पोट ढोलासारखं ताणलेलं लागलं तर तेवढेही तास थांबू नका, आणि अशा वेळी घरच्या घरी बळजबरीनं काही भरवूही नका. एक काम आजच करा. तुमच्या भागातल्या दोन-तीन पशुवैद्यांना फोन करून विचारा, 'ससे बघता का?' बरेच जण फक्त कुत्री-मांजरं बघतात, आणि हे रात्री अकराला कळलेलं बरं नव्हे.

आता अण्णा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ म्हणजे तो आता अण्णांचा झालाय ही. घरातलं म्हातारं माणूस आणि ससा यांची गट्टी जमली की दोघांची तब्येत सुधारते असं मी पाहिलंय. अण्णांचा दोष नाही. आपल्याकडे दारी आलेल्याला रिकाम्या तोंडी परत पाठवायचं नाही, गाईला घास, कावळ्याला घास, मुंग्यांना साखर. प्रेम दाखवायचं ते भरवून. सशालाही तेच लागू केलं इतकंच. तेव्हा त्यांच्या हातून भरवणं काढून घेऊ नका. हातातली वस्तू बदला.

अण्णा गणपतीला दूर्वा वाहतात का? नसतील वाहत तरी त्यांना दूर्वा ओळखता येतात हे मी पैजेवर सांगते. दूर्वा म्हणजेच हरळी, जी शेतकरी शिव्या देत खणून काढतो आणि बांधावर फेकतो ती. कापूसला ती एक नंबर. अण्णांना सांगा, सकाळी फिरायला जाताना पिशवी घेऊन जा आणि गणपतीची जुडी काढलीत की कापूसचीही काढा. चपाती भरवणारा हात तोच, चहाची वेळ तीच, फक्त चपातीऐवजी दूर्वांची एकेक काडी पुढे करायची. ससा ती टोकापासून कशी आत ओढत नेतो, शिलाई मशीनमधून कापड जावं तशी, हे बघण्यात चपातीपेक्षा जास्त गंमत आहे. चार दिवसांत अण्णांनाच ते पटेल.

गवत कुठून काढायचं ते मात्र बघा. रस्त्याच्या कडेचं नको, कुत्री जिथं पाय वर करतात तिथलं नको, आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचं तर मुळीच नको. नाशिकमध्ये द्राक्षबागांच्या आसपास फवारणी चालते, तेव्हा बागायतदार ओळखीचा असेल तर आधी विचारून घ्या. पावसात भिजलेलं गवत झटकून पंख्याखाली पसरा. कापलेलं गवत ढीग करून ठेवलं की आतून तापतं आणि आंबतं, तसलं देऊ नका. हिरवळ कापायच्या यंत्रातून निघालेला चुराही नको.

जास्त मिळालं तर वाळवा. सावलीत, वारा लागेल असं, दोन-तीन दिवस, काडी वाकवली की मोडेल इतपत. वाळलेल्या गवताला गोडसर वास यायला हवा. कुबट वास आला, काळे-पांढरे ठिपके दिसले की सरळ कचऱ्यात. साठवण कापडी पिशवीत किंवा गोणपाटात. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ते घाम धरतं. विकतचं घ्यायचं तर टिमोथीच हवं असा काही नियम नाही, ओटचं वाळलेलं गवतही उत्तम आणि बहुधा स्वस्त. भाताचा पेंढा पिंजऱ्यात अंथरायला ठीक, पण त्याच्यावर पोट भरू नका. गोठ्यातून कुणी लसूणघास देईल. नावात लसूण असला तरी लसणाशी तिचा संबंध नाही, पण प्रथिनं आणि कॅल्शियम इतकं की दुभत्या जनावराला शोभावं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला चालते, कापूसच्या वयाला रोज नको. ससा खाण्यातलं कॅल्शियम भरमसाट शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. ते फार झालं की मूत्राशयात खडूच्या लगद्यासारखा गाळ बसतो.

त्यानं टिमोथी हुंगून सोडलं याचं नवल नाही. श्रीखंडाची वाटी शेजारी असताना भाकरीला कोण हात लावतो? आधी ती रंगीत वाटी आटपा. त्यातले पिवळे-लाल तुकडे, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया तो वेचून खातो आणि बरं ते तळाशी ठेवतो. तिच्याऐवजी एकाच रंगाच्या, गवतापासून केलेल्या साध्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या, आणा. पिशवीवर तंतू (फायबर) किती टक्के लिहिलेत ते बघा, अठराच्या खाली नकोत. पेलेट किलोमागे एक सपाट मोठा चमचा, म्हणजे कापूसला दिवसाला दोन चमचे, एक सकाळी, एक संध्याकाळी. बदल एका दिवसात नको. दोन आठवड्यांत जुनं कमी करत नवं वाढवा. चपाती, दूध आणि हरभरे मात्र आजपासून बंद. त्यांना निरोपसमारंभ नको. बिस्किट, पाव, पोहे, कुरमुरेही त्याच यादीत.

वाळलेलं गवत ठेवायची जागाही महत्त्वाची. ससा लेंड्या टाकता टाकता खातो, ही त्याची सवय. तो ज्या कोपऱ्यात जातो तिथंच, तोंडासमोर येईल असं गवत अडकवा. टॉयलेट पेपरचा पुठ्ठ्याचा नळा ठासून भरून द्या, उपसण्याच्या नादात खातो. सुरुवातीला ताज्या दूर्वांमध्ये वाळलेल्या काड्या मिसळा, वरून कोथिंबीर चुरगळा. पण 'भूक लागली की खाईल झक मारत' म्हणून उपाशी ठेवायचं नाही, ते सशाच्या बाबतीत कधीच नाही. आणि पंधरा दिवस हे सगळं करूनही कोवळं तेवढं खातोय, काडी तोंडातून गळतेय, हनुवटी ओली राहतेय असं दिसलं, तर दाढा तपासून घ्या.

भाजी. पालेभाजी रोज दोन मोठ्या मुठी, धुऊन, निथळून. नाशिकला कोथिंबिरीची कमतरता नाही, भाव पडले की जुड्या रस्त्यावर येतात. कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची बाहेरची हिरवी पानं, तुळशीच्या डहाळ्या, जास्वंदीची पानं आणि एखादं फूल. मेथीही द्या. पालक अधूनमधून. रोज तीनएक प्रकार फिरते ठेवा, आणि नवीन भाजी एका वेळी एकच, चिमूटभरानं सुरू करून. दोन दिवस लेंडी बघा, मगच वाढवा. कोबीनं काही सशांना वायू धरतो, कापूसचं पोट आधीच हळवं आहे, तेव्हा कोबी राहू दे. पाला खाल्ल्यावर लघवी केशरी किंवा तांबडी दिसली तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा वनस्पतीतला रंग असतो. लघवीत रक्ताचे वेगळे थेंब दिसले किंवा तो कुंथत असेल तर मात्र डॉक्टर.

कांदा कुठल्याही रूपात नको. लासलगावच्या शेजारी राहून हे पाळणं सोपं नाही, पण कांदा, पात, लसूण यांनी सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बटाटा आणि त्याचे कोंब, टोमॅटोचा पाला नको. घरात मोकळा फिरत असेल तर कुंड्या बघा: मनी प्लांट, पानफुटी, कण्हेर, घाणेरी त्याच्या तोंडापासून लांब.

गाजराचं सांगितलं की ससा पाळणारे माझ्याकडे संशयानं बघतात. चित्रातल्या सशाच्या हातात गाजर असतं ना! असतं, पण रानातला ससा कंदमुळं उकरून खात बसत नाही, तो पाला आणि गवत खातो. गाजरात साखर भरपूर. अख्खं गाजर रोज म्हणजे तुमच्या मुलीला रोज मूठभर पेढे. आठवड्यातून दोनदा, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, बस्स. गंमत अशी की भाजीवाली गाजराचा जो पाला तोडून फेकते तो कापूसच्या कामाचा, आणि आपण पैसे देतो तो भाग नाही. तिला सांगून ठेवा, फुकट देईल. द्राक्षांचंही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्याकडे पेट्या येत असणार. अर्धं द्राक्ष, चांगलं धुऊन, तेही रोज नाही. सफरचंदाची फोड दिलीत तर बियांसकट नको.

पाणी बाटलीच्या नळीतून थेंबथेंब देत असाल तर त्याऐवजी जड पसरट कुंडी ठेवा. दोन किलोचा ससा दिवसाला 100 ते 300 मिली पाणी पितो, उन्हाळ्यात जास्त. ससा पाणी कमी प्यायला की गवतही कमी खातो. एप्रिल-मेमध्ये कुंडी दिवसातून दोनदा बदला आणि पाला ओलाच द्या.

महिन्याभरानं मला पत्र लिहाल तेव्हा फोटो नको, लेंडीचं वर्णन पाठवा. खरंच. तब्येतीचा ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. एक उचला, दोन बोटांत चुरा. गवतावरच्या सशाची लेंडी मोठी, गोल, फिकट तपकिरी असते आणि बोटांत लाकडाच्या भुशासारखी भुरभुरते. आत्ता कापूसच्या बारीक, काळ्या, टणक असतील, काही माळेसारख्या जोडलेल्या. मुलीला एक वही द्या आणि हे काम तिच्याकडे सोपवा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून, टोपलीत कापूसला बसवून वजनही तिनंच लिहायचं. खाणं बदलताना पन्नासएक ग्रॅम इकडेतिकडे होतील, त्यात काही नाही. पण दोन आठवड्यांत दीडशे-दोनशे ग्रॅम उतरले तर माझ्या पत्राची वाट बघू नका, वही आणि डबीभर लेंड्या घेऊन डॉक्टरांकडे जा.